सरांचे पत्ते टेबलावरच राहतील

आदरणीय भास्कर साळवे सर साठ वर्षांचे झाले, त्यांच्याविषयी लिहून पाठवा, असं गौरव समितीनं मला इथं कांडल्याच्या गोदीत कळवलं. खाली सूचना होती : पत्त्यांचा विषय टाळावा. माझ्यासारख्या सातवी नापास माणसाला असं टाळून लिहिता येत नाही. सर चित्रकला किती छान शिकवतात हे बाकीचे लिहितीलच. मी पत्त्यांवरच लिहिणार.

आमची ओळखच पत्त्यांमुळे झाली. नाशिकला आमच्या कॉलनीत सर खेळायचे जुने पत्ते जमवत, बघून त्यांचं वय सांगत. माझे आजोबा देवळालीला एका साहेबाचे स्वयंपाकी. साहेबानं जाताना त्यांना दिलेला पत्त्यांचा कॅट घेऊन मी आईबरोबर सरांकडे गेलो. पत्त्यांवर कोपऱ्यात आकडे नव्हते, म्हणजे कॅट जुना. पण कोपरे गोल, म्हणजे नंतरचा. सर बुचकळ्यात पडले. मग त्यांनी पत्ते एकावर एक रचले. एकाचा कोपरा दुसऱ्याशी जुळेना.

"हे यंत्राचं काम नाही. कुणीतरी कापलेत."

"मीच कापले," आई म्हणाली. "टोकं पोरांच्या डोळ्यात जायची, सर."

मला वाटलं, आता चिडतात. सर खो खो हसले. "ताई, तुम्ही तर म्हाताऱ्याला तरणा केलात!"

तेव्हापासून मी त्यांच्या ओट्यावर जाऊन बसू लागलो. राजाला दोन तोंडं का, हे मला त्यांनीच सांगितलं. पूर्वी राजा उभा, पायांसकट असायचा. हातात उलटा आला की माणूस तो सुलटा करायचा, आणि समोरच्याला कळायचं, याच्याकडे चित्र आलंय. म्हणून पुढं दोन तोंडं आली.

सर तेव्हा कॉलनीच्या वाचनालयाचे कार्यवाह होते. सभेत एक बुजुर्ग उठले. "सर, तुमच्या घरात जुगाराचं सामान? पोरं काय शिकतील? पत्ते तरी सोडा, नाहीतर पद." सरांनी वाचनालयाची किल्ली खिशातून काढून त्यांच्यापुढं ठेवली. पुढच्या रविवारी ओट्यावर बाज टाकून सगळे कॅट मांडले.

"या, पोरांनाही आणा. झाकून ठेवलं तर जुगारच वाटणार."

बघायला सगळी कॉलनी लोटली. खेळायला मात्र एक डावसुद्धा नाही, हा त्यांचा नियम.

मी गाव सोडलं तेव्हा लोक म्हणाले, उंडग्याचं पाऊल कुठं ठरतंय. सर एकटेच स्टँडवर आले. म्हणाले, "जुनं काही दिसलं तर आधी कड बघ, मग चित्र. लोक काय सांगतात ते शेवटी."

इथल्या भंगार बाजारात मला एक कॅट मिळालाय. कोपरे चौकोनी, पाठ कोरी, राजा पायांसकट उभा. गाववाल्याच्या हाती पाठवतोय. समितीला विनंती नाही, सांगणं आहे : तो सरांना व्यासपीठावर, सगळ्यांदेखत द्यायचा. टेबलाखालून नाही. आणि हा लेख छापायचा तर अख्खा, नाहीतर परत पाठवा.

सर, तुमची नजर अशीच तीक्ष्ण राहो, बोटं थरथरू नयेत, आणि ओट्यावरची बाज पुढची कितीतरी वर्षं भरलेली राहो. या कॅटचं वय मी माझ्यापुरतं काढलंय, सोबतच्या चिठ्ठीवर लिहिलंय. चुकलं असेल तर तिथंच, माईकवर सांगा. सभेला ऐकू द्या.