वासनिक मास्तरांचा ठिपका

वासनिक मास्तर माणसाकडे बघताना एक डोळा मिटत. हात लांब करून पेन्सिल उभी धरत, तिच्यावरून अंगठा सरकवत आणि समोरच्याचं माप घेऊन मगच बोलत. हिंगणघाटच्या शाळेत माझं नाव घालायला बाबा आले, तेव्हा मास्तरांनी त्यांचंही असंच माप घेतलं. परतताना बाबा म्हणाले, "हा ड्रॉइंगचा मास्तर मले पाहून डोया काऊन मारून राह्यला होता?"

सत्तावन्न-अठ्ठावन्नचा सुमार असेल. मी वडनेरचा. पोळ्याला गावातल्या निम्म्या बैलांची शिंगं मी रंगवत असे, त्यामुळे आपण चित्रकार आहोत याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. ड्रॉइंगच्या सरकारी परीक्षेत पास झालो तर नागपूरला नकाशे काढायचं काम शिकायला जायचं आणि नापास झालो तर वखरामागे चालायचं, असं बाबांशी ठरलं होतं. वखराची मला भारी धास्ती होती.

एके दिवशी मास्तरांनी कपाशीचं शेत काढायला सांगितलं. मी सगळ्या ओळी फूटपट्टीने एकसारख्या अंतरावर काढल्या. बाबांची सरळ पेरणी पाहायला शेजारच्या गावचे लोक येत. त्यांचा मुलगा ओळी एकमेकींना चिकटवील कसा? मास्तरांनी कागद उभा धरला. "हे शेत भिंतीवर चढून राह्यलं, गड्या. डोयाले दिसते ते काढ. डोक्यातलं इतिहासाच्या पेपरात लिहिजो." मग फळ्यावर डोळ्याच्या उंचीला एक ठिपका दिला. "सारं इथंच जाते. शेत, सडक, मास्तर, हेडमास्तर."

मला ते पटलं, आणि पटलेलं दाखवल्याशिवाय मला चैन पडत नसे. घरी जाऊन आमच्याच शेताच्या ओळी ठिपक्यात मिळवल्या आणि चित्र बाबांपुढे धरलं. बाबांचा चेहरा उतरला. "अशी पेरणी म्या केली? गावात कोणाले दाखवू नोको." बाजाराच्या दिवशी ते तो कागद घेऊन शाळेत मास्तरांपुढे उभे राहिले.

मास्तरांनी वाद घातला नाही. रविवारी बसने वडनेरला आले, बाबांना आमच्या शेताच्या बांधावर उभं केलं, हातात पेन्सिल दिली आणि एक डोळा मिटायला लावला. बाबांनी बराच वेळ पाहिलं. मग पेन्सिल परत देऊन कपाशीतून चालू लागले, ओळी खरंच मिळतात का ते बघायला. पार दुसऱ्या टोकाला पोचल्यावर त्यांनी वळून हाक दिली, "मास्तर, इथं तं साऱ्या सुट्या हायत. तुमच्यापाशी जाऊन चिकटल्या."

मास्तर बांधावर बसून पोट धरून हसले. पेन्सिल माझ्या हाती देऊन म्हणाले, "आता बापाचं माप घे." मी घेतलं. बाबा माझ्या नखाएवढे भरले. मला ते आवडलं नाही.

परीक्षेत आलं ते नेमकं तेच: दोन्ही बाजूंना झाडं असलेला सरळ रस्ता आणि दूरवर एक माणूस. झाडं मी अशी बिनचूक लहान करत नेली की स्वतःच्याच हाताचं कौतुक वाटलं. मग ठिपक्यापाशी माणूस काढायला घेतला, आणि त्याच्या डोक्यावर बाबांचं पागोटं आलं. नखाएवढ्या माणसाच्या तोंडावर मिशा मावेनात, म्हणून तोंड जरा वाढवलं. तोंडाला शोभेल म्हणून खांदे वाढवले. शेवटी तो गृहस्थ झाडाच्या वर गेला. मी खूश होऊन बाहेर आलो आणि नापास झालो.

बाबांनी वखर दाखवला. मास्तर पुन्हा बसने आले. म्हणाले, "एक साल द्या. हात चांगला हाय, माप म्या शिकवतो." शाळेत माझ्याकडून परीक्षेतलं ते चित्र जसंच्या तसं पुन्हा काढून घेतलं आणि कपाटात ठेवलं. पुढच्या वर्षी मी कोणाचाच बाप नसलेला एक लहानसा माणूस काढला आणि पास झालो. पुढे जन्मभर सरकारसाठी रस्त्यांचे नकाशे काढले. त्यांत माणसं काढावी लागत नाहीत, हे माझं नशीब.

मास्तर गेल्याचं कळलं तेव्हा हिंगणघाटला गेलो. त्यांच्या घरी बसलेल्या एका तरुण शिक्षकाने माझं नाव-गाव ऐकलं आणि विचारलं, "वडनेरचे? म्हणजे तो मोठा बाप काढणारे तुम्हीच का?" मास्तर दर वर्षी नव्या वर्गाला कपाटातून माझं चित्र काढून दाखवत, असं त्याच्याकडून कळलं. म्हणजे हिंगणघाटची इतकी पोरं माझी चूक बघून पास झाली, आणि मला वाटत होतं मला तिथं कोणी ओळखत नाही. मी मान खाली घालून विचारलं, "दाखवताना काय म्हणत?"

त्या तरुणाने नकळत एक डोळा मिटला. "म्हणत, माप साफ चुकलं हाय. पण बापाले लहान करणं याच्या हातानं झालं नाई. तुमाले पास व्हायचं हाय, तुमी लहान काढजा."