कॅलेंडरवरचं ऑर्किड

त्या प्राध्यापकांनी माझ्या बायकोला फसवलं. मला नाही, तिला.

लाखनीला हायवेला लागून माझी रोपवाटिका आहे. सायकलवर आंब्याची कलमं विकत मी इथवर आलो. घासाघीस करण्यात मला कोणी हरवलेलं नाही. रस्ता रुंद करताना मोहाचं एक जुनं झाड पाडलं, तेव्हा बायको त्याच्या फांदीवरचा एक झुबका अलगद सोडवून घेऊन आली.

"बांडगूळ घरी कायले आनलं?" मी ओरडलो. आमच्याकडे झाडावर झाड दिसलं की ते बांडगूळच, आणि ते काढून फेकायचं.

"बांडगूळ झाडात घुसते. हे नुसतं वरून चिकटून हाये. अवो, तुमी कलमावाले नं? एवढंबी दिसत नाही?"

ते ऑर्किड होतं. बोटाच्या पेराएवढ्या हिरव्या गाठी, पावसाळ्यात त्यांना दोन-दोन पानं. जुन्या लुगड्याच्या चिंध्यांनी तिने ते मोहाच्या सालीवर बांधलं आणि आंब्याच्या सावलीत टांगलं. दिवाळीनंतर पानं गळाली, गाठी सुरकुतल्या. मला दया आली. मी रोज पाणी मारलं, आणि महिनाभरात अर्ध्या गाठी सडल्या.

"मेलं नव्हतं थे, झोपून होतं! पानी काहून टाकलं?"

त्या वर्षी फूल आलं नाही. पुढच्या वर्षी तिने मला त्या आंब्याजवळ फिरकू दिलं नाही. उन्हाळ्याच्या तोंडावर बिनपानांच्या गाठींतून धानाच्या लाहीएवढी पांढरी फुलं निघाली, प्रत्येकाच्या तोंडाशी एक जांभळी रेघ.

कॅलेंडरच्या चौकोनांत लोक दुधाचे खाडे लिहितात. ती खाड्यांच्या शेजारी ऑर्किड लिहायची. 'नवी मुळी दिसली.' 'पानं गळाली, पाणी बंद.' खिळ्यावर अशी कितीतरी वर्षं एकावर एक लटकलेली होती.

मग शहरातून ते प्राध्यापक आले. त्या ऑर्किडची दोन रोपं मागितली. मी तासभर ताणून एकच दिलं. निघताना खिळ्यावरची कॅलेंडरं चाळत ते म्हणाले, "वहिनींच्या नोंदी नेऊ का? आठवड्यात परत करतो."

"न्या सर, रद्दीच हाये थे," मी म्हटलं. सौदा जिंकल्याच्या तोऱ्यात होतो. चहाचे कप उचलता उचलता ती थबकली, मग आत गेली.

कॅलेंडरं आली नाहीत, लेख छापून आला. त्यात झाड त्यांनीच शोधलेलं, त्यांनीच वाढवलेलं. पाणी कधी बंद करायचं, मुळी कधी फुटते, सगळी वाक्यं तिची, फक्त भाषा जड. 'एका वर्षी फुलोरा आला नाही, कारण अज्ञात.' अज्ञात कसलं? कारण मी होतो! आणि खाली: 'स्थानिक लोक यास बांडगूळ समजून फेकून देतात.'

मी तिला सगळं वाचून दाखवलं. तिने एवढंच विचारलं, "माहं नाव कुठी हाये?"

मी पानं उलटसुलट केली. ती उठून रोपांना पाणी द्यायला गेली. यंदाच्या कॅलेंडरवर फक्त दुधाचे खाडे आहेत.

फोन केला तर प्राध्यापक म्हणाले, "संशोधनात असं चालतं." आता ते फोन उचलत नाहीत.

रद्दी म्हणालो ही माझी चूक. तिची मी माफी मागितली आहे. पण सर, मी रद्दी म्हटल्याने तिची मेहनत तुमची कशी झाली? कॅलेंडरं घेऊन लाखनीला या. माझ्याशी बोलू नका, माझा तोल जाईल. तिच्यासमोर बसा आणि तिचं नाव का गाळलं, ते तिला सांगा.