मुद्दा खोडणारं वाक्य

भांडायला मी लहानपणापासूनच खमकी. आई म्हणायची, ही पोटात असताना मी नक्की एखाद्या कोर्टाच्या आवारातून गेले असणार. त्यामुळे लातूरला बँकेच्या परीक्षेचा क्लास लावला आणि तिथं वाद घालण्याचेही मार्क मिळतात हे कळलं, तेव्हा मला वाटलं, चला बाई, आपल्या गुणांचं कुठंतरी चीज होतंय.

लातूर तेव्हा नुकतंच जिल्हा झालेलं. त्याआधी आमच्या देवणीकडच्या माणसाला बारीकसारीक कामालाही उस्मानाबाद गाठावं लागे. अंधारात निघायचं, आणि पोचावं तर साहेब जेवायला गेलेले. आता साहेब जवळ आला होता. कुठल्या ना कुठल्या भाड्याच्या इमारतीवर नव्या कचेरीची पाटी चढायची, रंग ओला असतानाच समोर माणसं येऊन उभी राहायची. कचेऱ्या आल्या म्हणून आमच्यासारखी नोकरीच्या आशेवरची पोरं आली, आणि पोरं आली म्हणून क्लास आले. पाणी तेवढं आलं नाही. लागोपाठ दुसरं साल कोरडं चाललं होतं. मी आत्याकडे राहायचे, तिच्या घरची हापशाची रांग माझ्या वाट्याची. घागरीवर बूड टेकवून मी तिथं सराव-प्रश्न सोडवायचे. मागची बाई घागर पुढं ढकलायची आणि म्हणायची, उठ गं कलेक्टर, सरक.

क्लासचे सर नांदेडहून एस.टी.नं यायचे. उंच, किडकिडीत, खडू संपेपर्यंत न थांबणारे. फळ्यावर ते दोन ओळी लिहायचे. वरची ओळ म्हणजे आधार, खालची म्हणजे निष्कर्ष. मग दोन्हींच्या मधल्या मोकळ्या जागेवर बोट ठेवायचे. म्हणायचे, सगळी गंमत इथं आहे. बोलणाऱ्यानं एक गोष्ट मनात धरलेली असते आणि ती बोललेली नसते. मुद्दा बळकट करायचा तर त्या न बोललेल्या गोष्टीला टेकू द्या. कमजोर करायचा तर ती हलवा. निष्कर्षाच्या अंगावर धावून जाऊ नका, आधार खोटा आहे म्हणून ओरडू नका. नुसती मधली वीट हलली तरी पुरे.

आम्हाला हे पटायचं, पण जमायचं नाही. एकदा त्यांनी लिहिलं: एका गावात विहिरी वाढल्या, तरी पाणी कमी पडू लागलं, यावरून गावातले लोक पाणी नासतात असं दिसतं. हा मुद्दा कमजोर करणारा पर्याय निवडा. पर्याय वाचायच्या आधीच वर्ग पेटला. एकाचं म्हणणं, नुसत्या विहिरी वाढून काय होतंय, खाली पाषाण असेल. दुसरा म्हणाला, वरच्या अंगाला उसवाले असतील. अहमदपूरकडचा एक जण उभाच राहिला आणि त्यानं विचारलं, "सर, गाव कोणत्या तालुक्यातलं हाय?"

सर हसले नाहीत. त्यांनी प्रश्नाखाली लिहिलं, तालुका: कुठलाच नाही. मग समजावून सांगितलं की हे कागदावरचं गाव आहे. कागदावर जेवढं लिहिलंय तेवढंच खरं. आपापल्या गावची विहीर इथं आणायची नाही. दुसऱ्या भागातल्या पोरांना ही अडचण येत नाही, आपल्याच पोरांना येते, असंही म्हणाले. बरोबरच होतं त्यांचं. पाणी म्हटलं की आमची अक्कल थेट आपल्या शिवारात जाऊन उभी राहायची. मी मात्र पटकन सुधारले. कागदावरचं गाव कागदावरच ठेवायला शिकले आणि वर्गात पहिली येऊ लागले. डोकं जरा चढलंच माझं.

त्यातच परीक्षा तोंडावर आली असताना दादा लातूरला आले. दादा म्हणजे माझे वडील. नव्या कलेक्टर कचेरीत गावच्या टँकरचं निवेदन द्यायला गावकऱ्यांबरोबर आले होते, तिथून आत्याकडे आले. जेवले, हात धुतले, ताटात हात धुतलेलं पाणी आत्याच्या दारातल्या जास्वंदीला घातलं आणि बराच वेळ टॉवेलनं तोंड पुसत बसले. मग त्यांनी सांगितलं की तू गावाकडं चल. आईची कंबर धरलीय. विहीर आटल्यानं पाणी खालच्या वाडीवरून आणावं लागतंय. घरचं पाणी, वर गाईचं पाणी, एकट्या बाईला झेपत नाही. दादा स्वतः दिवसभर दुष्काळी कामावर खडी फोडत होते. परीक्षा पुढच्या साली दे, परीक्षा कुठं पळून जातीय, असं म्हणाले.

गाईबद्दल सांगायला हवं. आमची देवणी गाय होती, पांढरी, कानाजवळ काळे ठिपके असलेली. तिच्या आईला दादांनी वासरू असताना खांद्यावरून आणलं होतं. आमच्या आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हा घरातले देव नदीला सोडले, पण गुरांच्या रीती सोडल्या नाहीत. दादा म्हणायचे, देव सुटले, दावं नाही सुटलं. दावं म्हणजे गाय ज्यानं खुंट्याला बांधतात तो दोर. त्याचा आमच्याकडे कायदाच होता. जनावर कुणाकडे नुसतं राखायला दिलं तर ते आपल्या दाव्यासकट जायचं, कारण ते परत येणार. विकलं तर दावं सोडून घ्यायचं आणि घरात ठेवायचं. घेणारा आपला दोर घेऊन यायचा. आम्हाला यात वेगळं काही वाटायचं नाही, सगळ्या आळीत तसंच होतं.

तर दादांनी मला चल म्हटलं आणि माझ्या डोळ्यांपुढं फळा उभा राहिला. वर आधार, खाली निष्कर्ष. मी वीट शोधायला लागले. रडले नाही, रुसले नाही, अगदी सरांच्या थाटात विचारलं की सगळ्यात जास्त पाणी कुणाला लागतं? गाईला, दादा म्हणाले. घरापुरतं पाणी असेल तर आई आणू शकेल का? हो, तेवढं शेजारीणही आणून देईल, दादा म्हणाले. मग मी म्हटलं, गाय मामाकडे ठेवा. मामाचं गाव कंधारकडं, रान नदीच्या काठी. दिवाळीत त्यानंच सांगितलं होतं की काही लागलं तर हक्कानं कळवा. गाय पाऊस पडेपर्यंत तिकडं राहील, आईचा भार कमी होईल, माझी परीक्षाही होईल. झालं की नाही? आत्या पदर तोंडाला लावून माझ्याकडं बघत बसली. पोरगी वकील झाली की काय, असं तिच्या तोंडावर लिहिलेलं.

दादांनी टॉवेल मांडीवर घेतला. टॉवेलची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली.

"म्हंजे गाय घरी नसली, तर तू यायची गरज न्हाई. आसंच ना?"

"हाव," मी म्हटलं.

ते "बघतो" म्हणाले आणि शेवटच्या गाडीची वेळ झाली म्हणून उठले. मला किती आनंद झाला म्हणून सांगू! दुसऱ्या दिवशी क्लास सुटल्यावर मी सरांना सगळा किस्सा रंगवून सांगितला. सर फळा पुसत होते. त्यांनी एवढंच विचारलं की वडील यावर काय म्हणाले. काहीच नाही, मी म्हटलं, उत्तरच नव्हतं त्यांच्याकडे. सर पुसता पुसता थांबले आणि म्हणाले, "जो गप्प बसतो त्याच्याकडे उत्तर नसतं, हे तू गृहीत धरलंस." मला वाटलं, सर आपले सवयीनं बोलतायत. शिक्षकांना प्रत्येक गोष्टीत प्रश्न दिसतो.

आठवड्याभरानं आमच्या गावच्या एका माणसाबरोबर निरोप आला. गाय मामाकडे पोचवली, तू बिनघोर अभ्यास कर. मी बिनघोर अभ्यास केला.

परीक्षा नांदेडला होती. पेपर चांगला गेला, वादाचा भाग तर मी हसत सोडवला. परतीच्या गाडीत लोहा आलं तेव्हा मामाचं गाव आठवलं. उतरावं, कंधारची गाडी धरावी, गाईच्या गळ्याखाली खाजवून यावं, असं फार वाटलं. पण उतरले असते तर रात्री पुढची गाडी मिळाली नसती. खिडकीला डोकं टेकून बसले. बाहेर कॅनॉलच्या तळाला भेगा पडल्या होत्या. नदीच्या पात्रात बाया वाळू उकरून झरा काढत होत्या. गुरं कुठं दिसतच नव्हती. हे सगळं मी उघड्या डोळ्यांनी बघत होते, आणि मनात मात्र मामाची गुडघाभर हिरवी ज्वारी होती.

घरी पोचले तर आई अंगणात बसून तांदूळ निवडत होती. कंबरेला फडकं बांधलेलं, पण चेहरा बरा होता. दादा कामावरून यायचे होते. मी पिशवी ठेवली आणि सवयीनं गोठ्याकडे गेले. रिकामा होता, ते ठाऊकच होतं. झाडलोट केलेली, गव्हाणीत कडब्याची काडी नाही. आणि आत खुंटीला दावं होतं. नीट गुंडाळून, गाठ मारून ठेवलेलं.

मी तिथंच उभी राहिले. हा प्रश्न सोडवायला मला सर लागले नाहीत, पर्यायही लागले नाहीत. आमच्या आळीतल्या शाळेत न गेलेल्या पोरालाही तो सुटला असता. गाय राखायला दिलेली नव्हती. मी गव्हाणीच्या काठावरच बसले.

आईनं आधी टाळाटाळ केली, मग सांगून टाकलं. मामाची जनावरं पौषातच गेली होती. नदी आटली होती, त्याच्याच घरी प्यायला पाणी लांबून येत होतं. दादांना हे ठाऊक होतं. लातूरला माझ्यासमोर जेवायला बसले होते तेव्हाही ठाऊक होतं. म्हणजे मी जिथं हक्कानं गाय पाठवत होते ते कंधार कागदावरचं कंधार होतं, त्याला तालुका नव्हता. माझा अख्खा मुद्दा एका न बोललेल्या गोष्टीवर उभा होता की मामाकडे पाणी आहे. कुणी एक वाक्य बोललं असतं तर तो तिथंच कोसळला असता. आणि ते वाक्य दादांच्या तोंडात होतं.

दादा दिवेलागणीला आले. अंगावर खडीची धूळ. मला बघून खुलले, पेपर कसा गेला विचारलं, गाय मजेत आहे असंही म्हणाले. मी गोठ्याच्या दाराकडं नुसतं बघितलं. त्यांनीही बघितलं. मग ते पायरीवर बसले आणि चपला काढायला लागले.

मी विचारलं की मामाकडे पाणी नाही हे तेव्हाच का नाही सांगितलं. मला राग आला होता, माझा आवाज चढला होता. एवढं एक वाक्य बोलायला काय झालं होतं तुम्हाला, असं मी म्हणाले.

"म्हणलं असतं तर तू आली असतीस," दादा म्हणाले.

ते चपलेतली खडी झटकत राहिले. माझा राग कुठं गेला कळलं नाही. मी त्यांच्या शेजारी बसले आणि खूप रडले. त्यांना रडणं बघायची सवय नव्हती, भांडण्याची होती. ते बावचळले आणि आईला म्हणाले, हिला चहा कर, लांबून आलीय.

पावसाळा बरा गेला. परीक्षेचा निकाल लागला, मुलाखत झाली, आणि धर्माबादच्या शाखेत हजर व्हायचं पत्र आलं. गावातून पहिल्यांदा एक मुलगी एवढ्या लांब नोकरीला निघाली म्हणून आमची आळी दारात जमली होती. कुणी लोणचं दिलं, कुणी शेंगदाण्याची चटणी. एक म्हातारी म्हणाली, तिकडं तेलुगू बोलत्यात म्हणं, भांडशील कशी? सगळे हसले, मीही हसले.

अंथरुणाची वळकटी बांधायची राहिली होती. आई सुतळी शोधत होती. दादा गोठ्यात गेले आणि खुंटीवरचं दावं घेऊन आले. गुडघा टेकून त्यांनी वळकटी आवळली आणि दावं तिच्याभोवती गुंडाळायला लागले. आई चपापली.

"आवं, ते घरात ठिवायचं दावं हाय. बाहेर कशाला देताव?"

दादांनी गाठ ओढून बघितली. "जे परत यायचं हाय त्याच्यासंगं दावं जातंच की."

मला गाय केली म्हणून मी भांडू शकले असते. नोकरी बदलीची होती, परत येणं कुणाच्या हातात होतं? बँक कुठं कुठं पाठवेल याचा भरवसा नव्हता, हे मुलाखतीतच सांगितलं होतं. दादांच्या बोलण्यातली मधली वीट मला स्वच्छ दिसत होती, आणि ती हलवणारं वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. मी ते गिळलं, लोणच्याची बरणी उचलली आणि त्यांच्या मागं थांब्याकडे चालायला लागले.