अक्काताईनं सोडलेली कॉफी

हातकणंगल्याच्या अक्काताईला कुणी चहा पिताना बघितलं असेल तर त्यानं पुढं यावं. माहेर निपाणीकडचं, घरात कानडी, आणि सकाळ-संध्याकाळ कॉफी. सासरी सगळे चहाबाज. पण नवरा, कल्लाप्पा, महिन्याभरात फितूर झाला आणि बायकोच्या बाजूला आला. तेव्हापासून चाळीस वर्षं, दिवस मावळायच्या आत जेवणं उरकली की दोघांची एकेक पेला कॉफी ठरलेली. भांडण झालेलं असलं तर ज्यानं पेला हातात घेतला त्याचा राग गेला, आणि नाही घेतला तर रुसवा अजून आहे, असं त्या घरात सरळ समजायचं.

मागच्या वर्षी कल्लाप्पाचं यकृत निकामी होत आलं. डॉक्टरांनी एकुलत्या एका मुलाला, सम्मेदला, बाजूला घेऊन खरं ते सांगितलं. सम्मेदनं आईला सांगितलं. कल्लाप्पाला दोघांनीही सांगितलं नाही. अक्काताई तडक बस्तीत, म्हणजे गावातल्या जैन मंदिरात, गेली आणि तिथं आलेल्या मुनिमहाराजांपुढं हात जोडून तिनं कॉफीचा आजन्म त्याग केला. मनात एवढंच, की माझा माणूस उठून बसू दे. नेम असा सौदा करून घ्यायचा नसतो, हे तिला काय ठाऊक नव्हतं? पण जिवावर बेतल्यावर शास्त्र कोण बघत बसतंय.

आता हे नवऱ्याला सांगायची सोय नव्हती. बायकोनं जन्माची कॉफी सोडली म्हटल्यावर त्यानं लगेच ओळखलं असतं, की आपलं काही खरं नाही. मग रोज संध्याकाळी एक सबब. आज पित्त झालंय, आज डोकं चढलंय. शेवटच्या संध्याकाळी तर त्यानं स्वतःचाच पेला पुढं केला.

"घोटभर घे की गं. माझ्यासाठी."

"नको म्हटलं न्हवं," असं बोलून ती तोंड फिरवून आत गेली, कारण डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते त्याला दिसू द्यायचं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी कल्लाप्पा गेला.

माणूस गेला म्हणून नेम सुटत नाही. अक्काताई तो पाळत राहिली आणि तोंडात गुळणी धरून बसली. आठ महिन्यांनी सम्मेदनं घरी कॉफीचं मशीन आणायचा हट्ट धरला. तो शिरोली एमआयडीसीत मशीन शॉपला कामाला. मोबाईलवर नाही नाही ते व्हिडिओ बघून त्यानं दांडा ओढायचं मशीन पक्कं केलं. आईनं दुःखानं कॉफी टाकलीय, असा त्याचा समज. तिनं हजारदा नको म्हटलं. खरं कारण सांगावं, तर त्या शेवटच्या संध्याकाळचंही सांगावं लागणार, आणि तेच तिच्या तोंडून निघत नव्हतं.

रविवारी त्यानं तिला कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका दुकानात नेलंच. दुकानातली मुबशिरा मोठी बोलकी पोरगी.

"काकू, ह्या मशीनमधे स्प्रिंग हाय. दांडा खाली ओढून सोडायचा, बाकीचं स्प्रिंग करती. ह्या दुसऱ्याला तुमच्या हाताचाच जोर. घरात पिणारी किती माणसं?"

"दोघं," सम्मेद म्हणाला. वाकून दोन्ही मशीनं खालून-वरून तपासत होता. "ह्याचं वॉशर हितं मिळतंय का? आणि अव्वा, खांदा दुखतोय तुझा. तू ओढून बघ. तुला झेपंल तेच घ्यायचं."

तिनं स्प्रिंगवाल्याचा दांडा ओढला. काळीभोर बारीक धार कपात पडली, वास सुटला, आणि तिचा जीव नुसता कासावीस झाला. मुबशिरानं कप पुढं केला. सम्मेद आशेनं बघत होता.

"नको," ती म्हणाली.

"अव्वा, आणि किती दिवस?"

त्याचा तो चेहरा तिला बघवेना. तिथंच, उभ्या उभ्या, तिनं सगळं सांगून टाकलं. नेम, सबबी, नाकारलेला पेला, सगळं. मुबशिरा कप धुवायचं निमित्त करून आत गेली.

सम्मेदनं स्टूल ओढलं आणि तिच्यासमोर बसला.

"आप्पांनी त्याच संध्याकाळी मला विचारलंतं. तुझी आई माझ्यावर का रुसलीया म्हणून."

"मग? तू काय सांगितलंस?"

"चेष्टेनं म्हटलं, तुम्ही तिला जन्मात कधी काय आणून दिलंय? मला नेमाचं काय म्हाईत न्हवतं गं. तर आप्पा म्हणाले, कॉफीचं चांगलं मशीन बघ तिच्यासाठी. मला आता जायला हुईना. ते आणलं की जाईल राग तिचा."

चाळीस वर्षांचा संसार, आणि माणूस गेला तो बायको आपल्यावर रुसलीय असं धरून. आता त्याला सांगायला जायचं कुठं? तिनं पदर तोंडाला लावला आणि पोटभर रडून घेतलं. दुकानात आहोत याचं तिला भान नव्हतं.

सम्मेद उठला आणि म्हणाला, "चल, घरी जाऊ. नको आपल्याला मशीन."

"घ्यायचं. त्यांनी सांगितलंय न्हवं?"

"पर तू तर पिणार न्हाईस."

"न्हाय पिणार. तुला करून देईन. रोज."

"बरं. मग स्प्रिंगचं घेऊ."

"ते न्हवं. हाताच्या जोराचं घे."

"अव्वा, खांदा दुखंल."

"दुखू दे," अक्काताई म्हणाली.