पुण्याला धाडणारे जर्मन सर

आमचे जर्मन सर दुपारी चार वाजता वर्गात शिरत आणि ‘गुटेन मॉर्गेन’ म्हणत. म्हणजे शुभ सकाळ. दुपारचं काही वेगळं म्हणतात, हे त्यांच्या गावीही नव्हतं. यवतमाळच्या उन्हात टाय लावून हा गृहस्थ एका बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंग गिरणीच्या ऑफिसात क्लास घ्यायचा आणि आम्ही बाभुळगावच्या पोरी एसटीने धक्के खात तिथे जायचो.

ती कापसाच्या हालाची वर्षं. भाव नाही म्हणून घरोघर कापूस पडून होता आणि आपलं लेकरू वावरातून बाहेर कसं काढावं, या काळजीत जो तो बाप. सरांनी ती काळजी बरोबर हेरली. पालक आले की रेलून सांगायचे, ‘‘मराठीवर पुणं भेटत नाही, भाऊ. बारावीले फॉरेन लँग्वेज नसंन तं तिथलं कॉलेज फारमच घेत नाही.’’ बाबांनी मान डोलावली, मी मराठी सोडून जर्मन घेतलं. तो फॉर्म कुणी डोळ्यांनी पाहिला नव्हता. सर टाय लावतात, म्हणजे त्यांना ठाऊक असणारच!

शिकवणं म्हणजे गाईडातली उत्तरं फळ्यावर उतरवणं. अर्थ विचारला की म्हणत, ‘‘अर्थ कायले पाहिजे तुले? मार्कं पाहिजेत ना?’’ एक मात्र कबूल, कधी खाडा केला नाही. ढोंगातही माणूस नियमित होता.

माझी मैत्रीण रुखसाना, मेकॅनिक रहीमचाचांची मुलगी, उर्दू घेऊन वर्गात पहिली यायची. तिला पुण्यात शिकायचं होतं. बारावीत ती चाचांना घेऊन सरांना विचारायला आली, तेव्हा मी तिथेच होते. सरांनी वरही पाहिलं नाही. ‘‘उर्दूवर? फारम भरूच नका, चाचा.’’

‘‘सर बोल रहे तो सहीच होगा,’’ चाचा म्हणाले. रुखसानाने फॉर्म भरला नाही.

पुण्याच्या कॉलेजात मी खिडकीवरच्या बाईंना तोऱ्यात जर्मनचे मार्क दाखवले. ‘‘इंग्रजीत पास आहेस ना? मग दुसरी भाषा कुठलीही चालते,’’ त्या म्हणाल्या आणि पुढच्या मुलाला हाक मारली.

दिवाळीत मी सरांना गाठून हे सुनावलं. ते शांतपणे म्हणाले, ‘‘मंग तुले काय झालं? तुले तं भेटलं ना पुणं?’’ त्या माणसाशी मी पुन्हा बोलले नाही.

रुखसाना बाभुळगावातच आहे, कपडे शिवते. अजूनही भेटली की विचारते, ‘‘लय कठीण रायते का वं ते जर्मन? मले जमलं असतं?’’

आणि मी, त्याच सरांची विद्यार्थिनी, म्हणते, ‘‘लय कठीण.’’