किती आत गेलीय ते बघा

कापून काढलेलं आतडं ट्रेमध्ये घालून डॉक्टर स्वतः बाहेर यायचे आणि नातेवाइकांना म्हणायचे, "या, बघून घ्या. तुमच्याच माणसाचं आहे, लाजायचं काय?" रत्नागिरीत त्यांचं दहा खाटांचं हॉस्पिटल होतं. एक्याऐंशी साली मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेही असंच. ट्रेमध्ये माझ्या आबांचं आतडं होतं.

आबांना वर्षभर रक्त पडत होतं. मूळव्याध समजून ते सुरण उकडून खात राहिले आणि शेवटी कॅन्सर निघाला. मुंबईहून दादा आला तो माझ्यासाठी स्थळ घेऊनच. आबा गेले तर वर्षाच्या आत माझं लग्न उरकायचं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं. त्यापेक्षा त्यांच्या डोळ्यांदेखत होऊन जाऊ दे, असं घरात ठरलं. माझा नर्सिंगला नंबर लागला होता, पण मला विचारतो कोण!

ट्रेमधली लिंबाएवढी गाठ बघून दादा म्हणाला, "एवढी मोठी! संपलंच म्हणायचं. आता हिचं लग्न लगेच उरकायला हवं."

"मोठी आहे ते सोडा हो!" डॉक्टर खेकसले. "किती आत गेलीय ते बघा." मग केसपेपरच्या पाठीवर त्यांनी आतड्याची भिंत काढली. गाठ भिंतीतच राहिली तर ए, भिंतीच्या पार गेली तर बी, शेजारच्या छोट्या ग्रंथींत पोचली तर सी. "ए-बीवाले बरेच जण वर्षानुवर्षं जगतात, सीवाले कमी. रिपोर्ट येईपर्यंत रडारड बंद. आणि पोरीचं लग्नही बंद."

आठ दिवसांनी रिपोर्ट आला, बी. पण तपासलेल्या ग्रंथी दोनच. "दोन बघून बी म्हणणारा हा शहाणा कोण? बाकीच्यांत असला तर सी!" असं म्हणत डॉक्टर लॅबमध्ये गेले आणि आतड्याभोवतीची चरबी बोटांनी चाचपून आणखी नऊ ग्रंथी काढून आले. पुन्हा आठ दिवस आम्ही जीव मुठीत धरून बसलो. नऊच्या नऊ स्वच्छ निघाल्या.

"डाक्तर, मी किती वर्सं जगेन ता सांगा," आबा म्हणाले.

"ते मला नाही कळत. तुमच्यासारखे पुष्कळ जण जगतात, एवढं कळतं. पोरीला शिकू द्या."

दादाने स्थळाला नकार कळवला. मी नर्स झाले आणि डॉक्टरांच्याच हॉस्पिटलात लागले. बोलणी तर रोज खाल्ली! "अगं, चरबी टाकलीस? ग्रंथी त्यातच असतात ना, बाई!" पण माझ्या पायावर मी उभी राहिले ती त्या माणसामुळे, हे मी कधी विसरले नाही.

अठ्ठ्याऐंशीत डॉक्टर स्वतःच पिवळे पडले. त्यांचंही आतडंच, आणि कॅन्सर यकृतात पोचलेला; सुजलेलं यकृत उजव्या बरगडीखाली हाताला लागत होतं. "वाच," म्हणाले. रिपोर्ट मी वाचला. "म्हणजे सीच्याही पुढे. बरं. माझ्या पेशंटांना दुसऱ्या डॉक्टरांच्या नावे चिठ्ठ्या लिहायला घे."

आबा भेटायला आले. सत्तरीचे, खणखणीत. डॉक्टरांनी त्यांना शेजारच्या खाटेवर निजायला लावलं. मला म्हणाले, "धर मला, उठव." मग त्यांनी आबांचं पोट चाचपलं, उजव्या बरगडीखाली बोटं दाबून बराच वेळ बघत राहिले.

"यकृत हाताला लागतसुद्धा नाही हो, आबा!" म्हणाले, आणि इतके खूश झाले, की मला तोंड फिरवावं लागलं.