तापीबाईंचं हसू

सारंगखेड्याच्या चुनीलालआप्पांना कशाचीच भीती वाटत नाही, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं, कारण आप्पांनीच ते गावभर सांगून ठेवलं होतं. घोड्यांच्या यात्रेत भुताचा तंबू लागला की दरवर्षी पहिलं तिकीट त्यांचं. आत पोरीबाळी किंचाळायच्या आणि हे बाहेर येऊन मिशीला पीळ देत सांगायचे, की सांगाड्याच्या आत बसलेल्याला मी तंबाखू विचारून आलो. टीव्हीवर भुताचा सिनेमा असला तर पाय पसरून बसायचे आणि लोक डोळे झाकतात नेमक्या त्या जागी खो खो हसायचे. घरात दुसरं कुणी हसायचं नाही. आप्पांसमोर हसायची त्या घरात रीत नव्हती. ते ओट्यावर दिसले की स्वयंपाकघरातली भांडीसुद्धा जपून वाजायची.

त्यांची बायको तापीबाई गेल्या वर्षी वारल्या. वर्षश्राद्धाला मुलगा धर्मेंद्र सुरतेहून आला तो मोठा बेत घेऊन. मेलेल्या माणसाचा फोटो हल्ली कॉम्प्युटरवर हलता करून देतात, तसा मायचा करून घ्यायचा. अडचण फोटोचीच होती. लग्नापासून नातवाच्या बारशापर्यंत प्रत्येक फोटोत तापीबाई म्हणजे हनुवटीपर्यंत ओढलेला पदर. उघडा चेहरा सापडला तो फक्त आधार कार्डावर, आणि त्या कार्डावर धडधाकट माणूससुद्धा कसा दिसतो ते आपण सगळे जाणतो. धर्मेंद्रने तोच मिटल्या तोंडाचा फोटो कॉम्प्युटरवाल्याला दिला.

दुपारी पहिली पंगत उठली आणि बैठकीतल्या टीव्हीवर तापीबाई आल्या. आधी पापण्या लवल्या. मग मान किंचित वळली आणि त्या हसल्या. तोंडभर, डोळे बारीक करून, पांढरेशुभ्र दात दाखवत. दहा सेकंदांनी पुन्हा पापण्या, पुन्हा मान, पुन्हा तेच हसू. पाहुणे "काय जिवंत वाटतात" म्हणत होते आणि खुर्च्या हळूच मागे सरकवत होते. दोघातिघांनी तर पंख्याकडेच बघायचं ठरवून टाकलं.

आप्पांना घाम फुटला होता. सांगाड्याला तंबाखू विचारणारा माणूस खुर्चीचा हात घट्ट धरून बसला होता.

"बंद कर ते," ते म्हणाले. "ही तुन्ही माय नही शे. कोनी भलतीच बाई शे."

"आप्पा, मायनाच फोटो शे," धर्मेंद्र म्हणाला.

"चाळीस वरीस संसार कया मी. एक दिन आशी हासनी नही ती. आनि दात दख. तिना पुढला दात पडेल व्हता."

दाताचा मुद्दा बिनतोड होता. पाहुण्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला. आप्पांच्या मिशीतही थोडा जीव आला, कारण बाई खोटी ठरली म्हणजे आपण भ्यालो नाही हेही ठरत होतं.

तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून त्यांच्या थोरल्या वहिनी, रूपलीबाई, पुढे आल्या. सत्तरी केव्हाच ओलांडलेली, डोळे ओले, नजर टीव्हीवरच.

"दात तिना नहीत," त्या म्हणाल्या. "हासनं तिनंच शे."

"वहिनी, मी कधी दखं नही."

"तुम्हीन कसं दखशात? तुम्हीन शेतमा गयात का चूलजोडे बशीसन आशीच हासे ती. रोज."

स्वयंपाकघरात चुलीजवळ बसलेल्या बायकांनी एकमेकींकडे पाहून मान हलवली. टीव्हीतल्या तापीबाईंनी पुन्हा पापण्या लववल्या, मान वळवली.

धर्मेंद्रने घाईघाईने रिमोट उचलला.

"ऱ्हाऊ दे," आप्पा म्हणाले. "चालू ऱ्हाऊ दे."

ते उठले. दारात चपला घातल्या आणि घर पाहुण्यांनी भरलेलं असताना, भर उन्हात, केळीच्या शेताकडे निघून गेले.